पावसाळ्यानंतर घरच्या तीन डर्टबाईक पुन्हा मातीत उतरवताना (गोवा)

सडेकर

नमस्कार मंडळी,

घरात तीन डर्टबाईक आहेत. माझी २०० सीसीची, नंबरप्लेटवाली. मुलगी चौदा वर्षांची, तिची १४० सीसीची. मुलगा नऊ वर्षांचा, त्याची ११० सीसीची. पोरांच्या दोन्ही गाड्या फक्त मातीतल्या, पिकअपमध्ये घालून नेतो. पेडणे तालुक्यात मेव्हण्याचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे. भाटाच्या वरच्या अंगाला सड्यालगत, म्हणजे जांभ्याच्या पठारालगत, थोडी मोकळी जमीन त्याचीच आहे, तिथे काही वळणं आणि दोन बुटके टेबलटॉप (उडीसाठी वरून सपाट उंचवटे) करून घेतलेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, ती पोरांना दाखवली. तेव्हापासून रविवार म्हणजे माती, हे घरात ठरूनच गेलं आहे.

जूनपासून गाड्या शेडमध्ये झाकून होत्या. चतुर्थी झाली, माती वाळायला लागली तशा बाहेर काढल्या. ११० सीसी चोक ओढला की लगेच पेटते, चोक बंद केला की मरते. १४० सीसीचं वेगळंच. सुरू छान होते, दहा-पंधरा मिनिटं मजेत पळते, मग पेट्रोल संपल्यासारखी गुदमरून बंद. थोडं थांबलं की परत चालू. टाकी भरलेली आहे, प्लग नवा आहे.

आणखी एक. मुलाच्या गाडीचा हवेचा फिल्टर काढला आणि त्यामागच्या, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं, तर बोट लाल झालं. हे मला सगळ्यात जास्त टोचतंय.

दर आठवड्याला गाडी गॅरेजला नेणं जमणारं नाही, आणि खरं सांगायचं तर पोरांनी स्वतः पाने हातात घ्यावेत असं मनापासून वाटतं. मॅन्युअलमधलं वेळापत्रक आपल्या मातीत कितपत चालतं? घरी काय करावं, मेस्त्रीकडे काय सोडावं?

वाळपईकर

११० सीसीच्या कार्ब्युरेटरचा पायलट जेट तुंबलाय. इंजिन आयडलला असताना आणि थ्रॉटल अगदी थोडा उघडलेला असताना पेट्रोल त्याच बारीक भोकातून येतं. चोक ओढला की दुसऱ्या वाटेने जादा पेट्रोल मिळतं म्हणून पेटते, चोक काढला की उपाशी मरते.

कारण पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात तीन महिने फ्लोट बोलमध्ये (कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत) तेच पेट्रोल राहिलं की पाणी तळाला बसतं, पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. बोल खोला, जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा द्या. भोकात सुई किंवा स्टीलची तार घालू नका, जेटचं पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेलाच. वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढेच फेरे बाहेर.

पुढच्या वर्षी जूनच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बोलच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

रिंगपाना

सडेकर, तुम्हाला नेमकं टोचायला पाहिजे तेच टोचलंय. जेटचं काम अर्ध्या दिवसात होईल. त्या नळीतली लाल पावडर इंजिन खातेय.

म्हापशाला माझं गॅरेज आहे. आमच्याकडे ज्या मुलांच्या गाड्या 'जोर लागत नाही, धूर येतो, किक हलकी लागते' म्हणून येतात, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट फिल्टरपासूनच सुरू झालेली असते. जांभ्याची धूळ फार बारीक असते. ती फिल्टरमधून आत गेली की सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळते आणि पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासत राहते. पॉलिश पेपरने घासावं तसं. रिंग गेल्या की कॉम्प्रेशन जातं, ऑइल जळायला लागतं, आणि मग पिस्टन-बोअरचं काम काढावं लागतं.

धूळ आत जायच्या वाटा तीन. फोम कोरडा पडलेला असणं, फोम नीट न बसणं, किंवा फिल्टरची कड जिथे एअरबॉक्सवर (फिल्टरच्या डब्यावर) टेकते तिथे ग्रीस नसणं. तुमच्याकडे बहुधा पहिली किंवा तिसरी. कोरडा फोम म्हणजे फक्त भोकं असलेला स्पंज. धूळ पकडतं ते फोममधलं चिकट ऑइल.

धुण्याची माझी पद्धत सांगतो. आधी रॉकेलमध्ये, ते मिळालं नाही तर डिझेलमध्ये, फोम बुडवून दाबायचा. पिळायचा अजिबात नाही, पिळला की जोड उसवतो. पेट्रोल वापरायचं नाही, त्याने फोमचा गोंद सुटतो आणि घरात पोरं असताना पेट्रोलची वाफ नकोच. मग कोमट पाण्यात साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आतून बाहेर दाबायचं, म्हणजे मळ बाहेर जातो. सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. ओल राहिली तर ऑइल नीट धरत नाही, आणि आपल्या हवेत पूर्ण वाळायला रात्र लागते. म्हणून प्रत्येक गाडीला दोन फोम ठेवा, एक गाडीत, एक वाळत.

ऑइल फोम फिल्टरचंच घ्या. साधं इंजिन ऑइल लावणारे आहेत, पण ते पातळ असतं, दोन दिवसांत खाली उतरतं आणि फोमचा वरचा भाग कोरडा राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम आणि ऑइल घालून सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत दाबा. जादा ऑइल दाबून काढा. कडेला ग्रीसची पातळ रेघ. बसवल्यावर बोटाने पूर्ण कड फिरून बघा, कुठे दुमडली तर नाही.

पुढच्या रविवारी गाडी चालवून झाली की नळीच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ आलं तर काम झालं. लाल आलं तर फोम परत काढा. कोरड्या महिन्यांत, म्हणजे डिसेंबर ते मे, मी प्रत्येक राइडनंतर फोम बदलायला सांगतो. मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो. एकामागून एक तीन गाड्या चालतात तेव्हा मागच्याला पुढच्याची सगळी धूळ खावी लागते, आणि घरात शेवटी चालवणारा बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतो. लहान गाडी खाली असते, तिचा एअरबॉक्सही खाली, धूळ तिलाच जास्त.

तुमच्या २०० सीसीत कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचा नाही आणि त्याला ऑइलही लावायचं नाही. झटकून उजेडात धरा. उजेड दिसत नसेल तर नवा टाका.

डिचोलीचा_लेथवाला

रिंगपाना म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमच्या बाजूला तर खाणींची धूळ. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, पण ते ढिगारे आणि रस्त्याकडेची पावडर आहेच. लोहखनिजाची पावडर जड आणि कठीण. बोअरवर उभे ओरखडे दिसले की मी विचारतो, कुठे चालवता? उत्तर ठरलेलं.

पोरांना जुन्या खाणींवर नेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नेऊ नका. खंदकांत पाणी भरलेलं असतं, कडा आतून पोखरलेल्या असतात. वरून सपाट दिसतं.

वाळपईकर

फिल्टरबद्दल पूर्ण सहमत. पण प्रत्येक राइडनंतर पूर्ण धुणं म्हणजे रविवारी संध्याकाळी घरी येऊन आणखी दोन तास. मी गाड्या प्रेशर वॉशरने धुतो, चेनला स्प्रे, फिल्टर दोन राइडनंतर. तीन वर्षं इंजिन उघडलेलं नाही.

रिंगपाना

इंजिन उघडलं नसेल, पण मागच्या चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) बोल्ट कधी काढून बघितलात का? प्रेशर वॉशरचं पाणी जिथे नको तिथे घुसतं: व्हील बेअरिंग, हँडलचं बेअरिंग, चिमट्याच्या पिव्हटच्या बुश, शॉकची लिंकेज. ग्रीस धुऊन जातं आणि आत पाणी राहतं. वर किनाऱ्याकडचा खारा वारा. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस पिव्हटचा बोल्ट गंजून असा बसतो की हातोड्यानेही हलत नाही, आणि चिमटाच कापावा लागतो.

प्रेशर वॉशर हवाच असेल तर लांबून मारा. चाकाच्या मधोमध, फोर्कच्या सीलवर, एअरबॉक्सच्या तोंडाशी आणि चेनवर मारू नका. सायलेन्सरला बूच लावा. मी स्वतः बागेची साधी पाइप आणि ब्रश वापरतो. आपली लाल माती वाळून बसली की निघत नाही, म्हणून पिकअपमधून उतरवल्या उतरवल्या पाणी मारलं तर अर्धं काम आपोआप होतं.

डिचोलीचा_लेथवाला

बेअरिंगविषयी थोडं. गाडी स्टँडवर उचला. चाकाला वर आणि खाली धरून उजवीकडे-डावीकडे हलवा. कट् कट् जाणवलं तर बेअरिंग गेलं. हाताने फिरवून कान द्या, खरखर नको. चिमट्यालाही तसंच, मागचं टोक धरून बाजूला हलवा.

बेअरिंग बदलायला 'ओरिजिनल पार्ट'साठी पंधरा दिवस थांबायची गरज नसते. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. डर्टबाईकच्या चाकांत ६२०२, ६२०३, ६३०१ असे नेहमीचे नंबर खूप सापडतात. नंबर लिहून घ्या आणि बेअरिंगच्या दुकानात जा. मागायचं ते '२आरएस', म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं. उघडं किंवा पत्र्याच्या झाकणाचं आपल्या चिखलात टिकत नाही. चांगल्या कंपनीचंच घ्या, स्वस्त नकली माल भरपूर फिरतो. बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोका. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं.

पिव्हट आणि लिंकेज वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडा, पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरा. मे महिन्याच्या शेवटी, गाड्या शेडमध्ये जायच्या आधी. पावसानंतर करून उपयोग नाही, तोपर्यंत गंज चढलेला असतो.

फोंड्याची_आई

माझी मुलगी बारा वर्षांची, गेली दोन वर्षं चालवते. तिला बाईक रॅलीपटू ऐश्वर्या पिस्सेचं फार वेड. २०१९ मध्ये त्यांनी बाहा वर्ल्ड कपमध्ये महिलांचं विजेतेपद मिळवलं, ते तिच्या वहीत लिहिलेलं आहे.

मी इंजिनातलं फार जाणत नाही, पण एक गोष्ट आमच्या घरात सोडायची नाही असं ठरवलंय. किक मारण्याआधी मुलीने स्वतः गाडीभोवती फिरायचं आणि मोठ्याने बोलून तपासायचं. सगळ्यात आधी थ्रॉटल: पूर्ण फिरवून सोडला की खट्कन स्वतःहून परत यायलाच हवा, हँडल डावीकडे पूर्ण वळवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही वेळा. थ्रॉटलच्या नळीत माती गेली की तो अडकतो, आणि दहा-बारा वर्षांचं मूल घाबरून मूठ आणखी घट्ट धरतं. मग किल स्विच, तो दाबून इंजिन बंद होतं का. आमच्या गाडीला मनगटाला बांधायची दोरी लावून घेतली आहे, मूल पडलं की दोरी निघते आणि इंजिन बंद. मग दोन्ही ब्रेक, मग चाकांचे स्पोक, मग चेन.

हे सगळं पाच मिनिटांचं. तिला कुठलीही शंका आली तर गाडी चालणार नाही, मी तिच्याशी वाद घालणार नाही. एकदा तिनेच पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचा स्पंजीपणा पकडला. फ्लुइड जुनं झालं होतं.

रिंगपाना

ताई, मुलांच्या गाडीत याहून मोठी गोष्ट नाही. थ्रॉटलच्या नळीत ग्रीस घालू नका हेही जोडतो. ग्रीसला माती चिकटते. नळी आणि हँडल दोन्ही स्वच्छ, कोरडे. केबलमध्ये वरून पातळ ऑइल सोडा, आणि केबलचा खेळ तीन ते पाच मिलिमीटर राहू द्या.

ब्रेक फ्लुइड डॉट ४ असेल तर तेही हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे दमट हवा बारा महिने. मी दर वर्षी पावसाळा संपला की बदलतो. पॅड जाडी बघा, एक मिलिमीटरच्या जवळ आले की बदला. चिखलात पॅड सुक्या मातीपेक्षा कितीतरी लवकर झिजतात.

सडेकर

सगळ्यांचे आभार. ११० सीसीचा पायलट जेट साफ केला, मुलाने स्वतः बोलचे स्क्रू काढले. आता चोकशिवाय सुरेख आयडल. फोम धुऊन ऑइल लावला, कडेला ग्रीस लावलं. आजच्या राइडनंतर फडकं फिरवलं, स्वच्छ आलं.

१४० सीसी मात्र अजून तशीच. कार्ब साफ केला, फरक नाही. बरोबर बारा मिनिटांनी बंद.

वाळपईकर

बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडून बघा. 'स्स' असा हवेचा आवाज आला का?

सडेकर

आला! झाकण उघडलं आणि हवा आत ओढल्याचा आवाज आला. लगेच किक मारली, चालू झाली.

वाळपईकर

मग झाकणाची हवेची वाट बंद आहे. पेट्रोल खाली जाईल तशी वरून टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरत नाही. थोडं थांबलं की हळूहळू हवा शिरते म्हणून परत चालू होते. झाकणावरची बारीक रबरी नळी काढून फुंकून बघा.

सडेकर

नळीच्या तोंडात वाळलेल्या मातीचं बूच होतं. कुंभारीण माशीचं घर! पावसात शेडमध्ये या माश्या सगळीकडे घरं करतात, पण इथे असेल हे डोक्यात आलंच नाही. काढलं आणि अख्खी टाकी संपेपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. मुलगी जाम खूश.

डिचोलीचा_लेथवाला

कोकण-गोव्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं. सायलेन्सरचं तोंड, इंजिनाच्या ब्रीदरची नळी, कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लो नळ्या, सगळ्या फुंकून बघा. ब्रीदर बंद असेल तर इंजिनातला दाब सीलवर येतो आणि ऑइल पाझरतं, मग लोक सील बदलत बसतात. पावसाळ्याआधी नळ्यांच्या तोंडांना कापड बांधा, त्यावर लाल रिबन लावा, म्हणजे काढायची आठवण राहते. एअरबॉक्सही उघडून बघा, उंदीर फोम कुरतडून घर करतात. वायरिंगचीही तीच गत.

मातीवेडा

वाचनखूण साठवली. चेनबद्दल कोणी लिहा ना. माझ्या हिरो एक्सपल्सची चेन मी रस्त्यावरच्या गाडीसारखी ताणतो, ते बरोबर आहे का?

रिंगपाना

डर्टबाईकला चेन सैलच हवी. एक्सपल्स २०० च्या सस्पेन्शनला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर प्रवास आहे. मागचं चाक वर येताना पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तो क्षण चेन सगळ्यात घट्ट असण्याचा. उभ्या गाडीवर छान ताणलेली दिसणारी चेन त्या क्षणी गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि बेअरिंग ओढते.

खात्री करायची असेल तर गाडी स्टँडवर असताना, हाताशी माणूस असेल तर, शॉकचा खालचा बोल्ट काढून चिमटा हाताने उचला. तिन्ही एका रेषेत आले की चेनला जेमतेम एक सेंटीमीटर खेळ राहावा. मग चिमटा खाली सोडा आणि तेव्हा किती सैल दिसते ते बोटांनी मोजून लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तेवढंच. दर वेळी चाक फिरवून चेन सगळ्यात घट्ट असलेल्या जागी मोजा.

ओ-रिंग चेन पेट्रोलने धुऊ नका. रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मग पातळ ल्यूब. कोरड्या मोसमात जाड चिकट ल्यूब लावलं की त्यावर लाल माती बसून चेनच घासते. डब्ल्यूडी-४० पाणी काढायला चांगलं, पण त्यावर चेन चालवायची नाही.

स्पोकही सांगून टाकतो. छोट्या पान्याने प्रत्येक स्पोक हलकेच वाजवा. टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तो सैल. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि सलग नाही, दर तिसरा. टायरमध्ये हवा मऊ मातीत १२ ते १५ पीएसआय चालते, पण आपल्या सड्यावर जांभ्याच्या धारदार कडा आहेत, ट्यूब रिमला चिमटून फाटते, म्हणून तिथे १५ ते १८.

फोंड्याची_आई

इंजिन ऑइल किती दिवसांनी?

रिंगपाना

दिवसांनी नाही, तासांनी. या गाड्या किलोमीटर कमी आणि तास जास्त चालतात, मीटरही नसतो बहुतेकांना. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा अवर-मीटर मिळतो, तो लावा. मुलांच्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत ऑइल लिटरभरच्या आसपास असतं, एवढंसं ऑइल लवकर थकतं. मी पंधरा तासांनी बदलतो, शर्यतीच्या गाड्यांना याहून बरंच लवकर. ओढा ओलांडताना इंजिन पाण्यात गेलं आणि काचेतून ऑइल दुधाळ दिसलं तर तास न बघता त्याच दिवशी. ऑइल जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलंच. कारचं ऑइल घातलं की क्लच सरकतो. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं घाला आणि बोल्ट जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. टॉर्क पाना घ्या, घरात तीन गाड्या आहेत तर तो एका पावसाळ्यातच वसूल होतो.

व्हॉल्व्हची फट, क्लच प्लेट, फोर्कचं सील, ही कामं एकदा मेस्त्रीकडे उभं राहून बघा, मग ठरवा. गाडी थंड असताना सुरू व्हायला कुरकुरायला लागली आणि कार्ब स्वच्छ असेल तर व्हॉल्व्हची फट मोजायची वेळ झाली. फोर्क मात्र घरी सांभाळता येतो. राइडनंतर धूळसील खाली सरकवून आतली माती पुसा. सील गळायला लागलं तर ताबडतोब बघा, तेल डिस्कवर गेलं की ब्रेक जातो.

वाळपईकर

जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सडा मोकळा दिसतो म्हणून आपला होत नाही. कोणाचा खाजगी असतो, कुठे कोमुनिदादचा (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा), कुठे वनखात्याचा. परवानगी तोंडी नको. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या हद्दीत तर नाहीच. किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात कायद्यानेच बंद आहे, आणि मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात. खाऱ्या पाण्याने गाडीचंही वाटोळं होतं.

रस्त्यावर अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. भाटापासून शेजारच्या भाटापर्यंत 'एवढंसंच' म्हणून रस्ता ओलांडू देऊ नका. ढकलत न्या.

काजूच्या भाटात आणखी एक काळजी. फेब्रुवारीपासून सुका पाला पडतो. राइड झाली की सायलेन्सर तापलेला असतो, गाडी पाल्यावर किंवा सुक्या गवतावर उभी करू नका. आग लागायला वेळ लागत नाही आणि भाट एका दुपारीत जातं. मोकळी जांभ्याची जागा बघून उभी करा, जवळ पाण्याचा कॅन ठेवा. बोंडं वेचणारी माणसं असतात त्या महिन्यांत आम्ही भाटात चालवतच नाही. आणि सड्यावर दगडांच्या फटीत फुरसं असतं, पोरांना चड्डी-चप्पलवर गाडी ढकलायलासुद्धा पाठवू नका. बूट हवेतच.

डिचोलीचा_लेथवाला

सड्याचं आणखी एक. पहिल्या पावसानंतर जांभ्यावर शेवाळ धरतं, ते चतुर्थीनंतरही सावलीत टिकतं. वरून कोरडं दिसतं, चाक गेलं की बर्फ. पोरांना आधी चालत फिरवा.

आवाजाचाही विचार करा. सायलेन्सरमधली काचलोकर जळून गेली की आवाज कर्कश होतो. ती बदलता येते, रिव्हेट काढून नवी भरायची. गावात तक्रार गेली की सगळ्यांचीच जागा जाते.

मडगावचा_नवखा

फार उपयोगी धागा. माझ्याकडे भावाने मुलासाठी पाठवलेली ४९ सीसी टू-स्ट्रोक आहे, दोरी ओढून सुरू होणारी. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? कोण २५ ला १ म्हणतं, कोण ५० ला १. जास्त घातलेलं बरं ना?

रिंगपाना

गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. दोरीच्या स्वस्त गाड्यांत बहुतेक २५ असतं. मोजायला औषधाची सिरिंज वापरा, अंदाजाने ओतू नका. टू-टी ऑइलच, फोर-स्ट्रोकचं नाही. आणि 'जास्त बरं' हे खरं नाही. जेटमधून येणारं मिश्रण तेवढंच असतं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, इंजिन लीन चालून तापतं, आणि प्लगही काळा होतो. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी ठीक, पांढरा झाला तर ताबडतोब थांबा.

यामाहा पीडब्ल्यू५० सारख्या गाडीत ऑइलची वेगळी टाकी असते, तिच्यात साधंच पेट्रोल. आधी तुमची गाडी कोणत्या प्रकारची ते नक्की करा.

मडगावचा_नवखा

ऑइलची वेगळी टाकी नाही, पुस्तिकेत २५:१ आहे. एकदम पाच लिटर मिसळून ठेवलं तर चालेल?

रिंगपाना

नको. रविवारी लागेल तेवढंच, लिटर-दोन लिटर. इथेनॉलवालं पेट्रोल मिसळून महिनाभर ठेवलं की त्यात पाणी येतं, आणि ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. कॅनवर मोठ्या अक्षरात 'मिश्रण' लिहा, तारीख टाका, आणि फोर-स्ट्रोक गाड्यांचा कॅन वेगळ्या रंगाचा घ्या. राइड संपली की कॉक बंद करून कार्ब रिकामा करा, त्या गाडीचा जेट तुमच्या केसाएवढा बारीक आहे. उरलेलं मिश्रण आठवड्याच्या आत वापरा. नाही वापरलं तर ते फोम धुवायच्या डिझेलमध्येही नको आणि विहिरीजवळ तर ओतूच नका. डबाबंद करून गॅरेजला द्या, आम्ही जुन्या ऑइलच्या बॅरलवाल्याला विचारून त्याची विल्हेवाट लावतो.